आवाजबाई

आमच्या शाळेत चौथी 'अ' आणि चौथी 'ब' यांच्यामध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. तेही छताला टेकलेलं नव्हतं, वर हातभर फट होती. 'अ'चा वर्ग माझा, 'ब'चा बाईंचा. सकाळच्या दुसऱ्या तासाला मी गणित घ्यायचो आणि बाई भाषा, त्यामुळे माझ्या मुलांना एका तासात दोन विषय मिळायचे. मी इकडे "सात अठ्ठे?" विचारलं की पलीकडून अडतीस मुलं एका सुरात "कुर्रर्र!" म्हणायची आणि माझा अख्खा वर्ग फिदीफिदी हसायला लागायचा.

पहिल्याच महिन्यात मी तक्रार घेऊन गेलो. मधल्या सुट्टीत बाई डबा उघडत होत्या. बारीक अंगाच्या, बुटक्या, मान जराशी डावीकडे कललेली.

"बाई, तुमच्या वर्गात एवढा गोंगाट कसला असतो?"

त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, "गोंगाट होता की गलका?"

"फरक काय त्यात?"

"गोंगाटात शब्दच कळत नाहीत. गलक्यात शब्द कळतात, पण कोणाचे ते कळत नाही. तुम्हाला शब्द कळत होते का?"

"कळत होते."

"मग गलका," त्या म्हणाल्या आणि समाधानानं डब्याकडे वळल्या. तक्रार तिथेच संपली.

मुलं त्यांना पाठीमागे आवाजबाई म्हणायची. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही असावं. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी होती. त्यात किल्ल्यांचा जुडगा, पत्र्याचं झाकण, वाळलेल्या शेंगा, लोखंडी गोळी, जुनी कात्री, कडक कागद असा सगळा भंगारवाल्याला शोभेल असा ऐवज. मुलांनी डोळे मिटायचे, बाई टेबलामागे एकेक वस्तू वाजवणार आणि मुलांनी सांगायचं. पण "आवाज आला" एवढंच म्हणायला त्या वर्गात बंदी होती. तसं कोणी म्हणालंच तर बाई विचारायच्या, "आला म्हणजे? चालत आला? कसा होता? ओला की कोरडा? जड की हलका? एकदाच झाला की मागे शेपूट होतं?"

शेपूट हा त्यांचा शब्द. खडू जमिनीवर पडला तर 'टक्', त्याला शेपूट नाही. झाकण पडलं तर 'ठण्ण', त्याला लांब शेपूट. दाराची कडी कुरकुरते की करकरते यावर एकदा पूर्ण तास गेला होता. शेवटी बाईंनी निकाल दिला, "कुरकुर म्हणजे तक्रार, करकर म्हणजे भांडण. आता जा आणि दाराला विचारा." त्याबरोबर अडतीस मुलं दारापाशी लोटली. माझ्या फळ्यावरचा भागाकार अर्धाच राहिला, कारण माझीही मुलं माना वाकड्या करून ऐकत होती. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

गृहपाठ असायचा, घरी जाताना तीन आवाज आणा. मुलं ते खिशातून गोट्या आणाव्यात तसे आणायची. एक मुलगी म्हणाली, "बाई, आई रागावलेली असली की भांडी खणखणतात आणि नसली की किणकिणतात. भांडी तीच असतात." बाईंनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि मधे त्या मुलीचं नाव लिहिलं. ते नाव आठवडाभर कोणी पुसलं नाही.

सगळ्यांना हे रुचत होतं असं नाही. परीक्षेत प्रश्न ठरलेला असे, जोड्या लावा. पानांची सळसळ, पैंजणांची छुमछुम, विजांचा कडकडाट. बाईंची मुलं त्यात हमखास मार्क घालवायची. एकदा चष्म्याच्या दुकानाचे मालक मुलीची उत्तरपत्रिका घेऊन तावातावाने आले. पेपर दुसऱ्या शाळेत तपासले होते. मुलीनं 'पानांची' याच्यापुढे स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, 'खसफस'.

"पुस्तकात सळसळ दिलंय," ते म्हणाले. "स्वच्छ छापलंय."

"कोणत्या झाडाची पानं?" बाईंनी विचारलं.

"प्रश्नात झाड विचारलेलंच नाही!"

"तेच तर म्हणते मी. प्रश्नच अर्धवट आहे. तुमच्या दुकानासमोर जे झाड आहे त्याची पानं रुंद आणि जाड आहेत. ती सळसळत नाहीत. तिनं ऐकून लिहिलंय."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, तिला ऐकायला नाही पाठवलं मी शाळेत. शिकायला पाठवलंय."

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मध्ये पडून त्यांना चहा पाजला आणि बाईंना बजावलं, "निदान परीक्षेपुरतं तरी पुस्तकातलं सांगत चला." बाई "हो" म्हणाल्या आणि तसं काहीही केलं नाही.

हे वेड कुठून आलं ते मला चौथ्या वर्षी कळलं. बाई तापानं घरी होत्या आणि त्यांच्या सहीसाठी मला निकालपत्रकं घेऊन जावं लागलं. दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला दोन खोल्या. मी बेलचं बटण दाबलं तर आत बेल वाजली नाही, दिवा लागला आणि विझला. दार उघडलं एका उंच बाईनं. केस पांढरे, हातात लाल पेन. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, ओठांकडे बघत होती.

"तुम्ही गणिताचे सर," ती म्हणाली. आवाज सपाट, गरजेपेक्षा थोडा मोठा.

ती बाईंची थोरली बहीण, ताई. तिला अजिबात ऐकू येत नव्हतं. ती एका छापखान्याची प्रुफं तपासायची. टेबलावर, खाटेखाली, खिडकीत, सगळीकडे प्रुफांचे गठ्ठे. त्या कागदांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं, हिशेब असतील. नीट बघितलं तर शब्द होते. 'धबक्. मग फस्स्. मग बराच वेळ झिरझिर.' असे.

ताईनं मला बसवलं, बाईंच्या अंथरुणापाशी एक कागद नेऊन ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे जिना कसा चढले?"

बाईंच्या अंगात ताप होता, तरी त्यांनी उशीवर रेलून लिहिलं. ताईनं मोठ्यानं वाचलं, "धप, धप, धप. थांबले. फुसफुस. मग घासत घासत दोन धप." आणि ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मलाही हसू आलं, कारण शब्दाशब्दानं मीच होतो तो.

पुढे मधल्या सुट्ट्यांमध्ये बाईंनी मला तुकड्यातुकड्यानं सगळं सांगितलं. ताई बारा वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. बाई तेव्हा सात वर्षांच्या. ताई वाचली, पण दवाखान्यातून घरी आली तेव्हा आईला म्हणाली, "सगळे असे गप्प का झालेत?" कोणीही गप्प नव्हतं. धाकटी तर आनंदानं ओरडत होती.

त्यानंतर काही दिवसांनी स्वयंपाकघरात फळीवरून पातेलं पडलं. ताईनं ते पडताना पाहिलं. पातेलं जमिनीवर आपटलं, गोल फिरलं आणि थांबलं, नुसतं चित्र. तिनं बहिणीला खुणेनं विचारलं, कसं वाजलं? धाकटीनं हात पसरून दाखवलं, मोठ्यानं. ताई चिडली. "मोठ्यानं तर सगळंच वाजतं. कसं?" धाकटीला नुकती कुठे अक्षरं येत होती. तिनं पाटी आणली आणि लिहिलं 'टण'. ताईनं पातेलं उचलून हातात तोललं आणि पाटीवर दुरुस्ती केली, 'ठण'.

"ट आणि ठ मधला फरक मला माझ्या बहिऱ्या बहिणीनं शिकवला, सर," बाई म्हणाल्या. "तिला आठवत होतं ना सगळं. बारा वर्षांचे आवाज होते तिच्या डोक्यात. नेमका शब्द मिळाला की तो आवाज तिला आतल्या आत ऐकू यायचा. शब्द चुकला की काहीच नाही. नुसता कागद."

तेव्हापासून रोज संध्याकाळी धाकटीनं दिवसभराचे आवाज आणायचे आणि ताईनं वाचायचे. आईवडील गेले, घर बदललं, बाई शिक्षिका झाल्या, ताईला छापखान्याचं काम मिळालं, पण हे चुकलं नाही. ताईला ओठ वाचता यायचे, पण करकर आणि खरखर ओठांवर सारखीच दिसते, म्हणून लिहूनच सांगावं लागे. ताईनं कधी ऐकलेच नव्हते असे आवाज फार अवघड जायचे. मोबाईल आले तेव्हा तिनं विचारलं, टेबलावर ठेवलेला फोन असा सरकत का जातो, आणि कसा वाजतो? बाईंनी दोन संध्याकाळी खर्च करून लिहिलं, 'पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडलाय आणि डबा गादीवर ठेवलाय.' ताई बराच वेळ डोळे मिटून बसली आणि मग म्हणाली, "आला."

बाईंचं लग्न एकदा ठरत आलं होतं. बँकेतला माणूस होता, सज्जन होता. घरी आला, दिवसभराचे आवाज लिहिणं-वाचणं बघितलं आणि जाताना जिन्यात त्यानं हळूच विचारलं, "हे रोजच असतं का?" बाई म्हणाल्या, रोजच. तो परत आला नाही. ताईला हे समजलं तेव्हा तिनं चार दिवस कागद हातात घेतला नाही. पाचव्या दिवशी बाईंनीही चिडून कोरा कागद समोर ठेवला. सहाव्या दिवशी परत सुरू.

"कंटाळा नाही यायचा?" मी एकदा विचारलं.

"यायचा की. पाय दुखत असायचे, पेपर तपासायचे असायचे. मग मी मागचेच आवाज परत लिहून द्यायचे. ती लगेच म्हणायची, हा मंगळवारचा आहे, शिळा." बाई हसल्या. त्या हसायच्या तेव्हा आवाज होत नसे, फक्त खांदे हलायचे. बहिऱ्या माणसाबरोबर आयुष्य काढल्यावर हसूही डोळ्यांसाठीच राहिलं असेल.

ताई गेली त्या वर्षी बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. दुपारची वेळ, टेबलाशी काम करता करता गेली. बाई शाळेत होत्या. छापखान्याचा माणूस गठ्ठा न्यायला आला, दिवा लावून विझवून थकला, मग त्यानं शेजाऱ्यांना बोलावलं.

बाई पंधरा दिवसांनी शाळेत आल्या. दुसऱ्या तासाला मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि पलीकडून काय येतं याची वाट बघू लागलो. बाईंचा आवाज आला, "पानांची?" मुलं म्हणाली, "सळसळ." "पैंजणांची?" "छुमछुम." "पाण्याची?" "खळखळ." एकामागून एक, सगळी यादी. मग पुन्हा पहिल्यापासून. पिशवी टेबलाखाली होती, ती उघडली नाही. माझ्या वर्गातलं एकही मूल हसलं नाही. त्या दिवशी माझा भागाकार वेळेत संपला आणि उरलेली दहा मिनिटं काय करावं ते मला सुचेना.

वर्षभर असंच चाललं. गृहपाठाला कोणी आवाज आणेना. सुरुवातीला दोन-तीन मुलं सवयीनं काहीतरी घेऊन यायची. बाई म्हणायच्या, "छान. बस खाली." हळूहळू तीही थांबली. वार्षिक परीक्षेत चौथी 'ब'ला भाषेत शाळेतले सगळ्यात जास्त मार्क मिळाले. चष्मेवाल्यांचा धाकटा मुलगा त्या वर्षी त्या वर्गात होता. ते आवर्जून भेटायला आले, बाईंना नमस्कार करून म्हणाले, "बघा, सगळ्या जोड्या बरोबर! मी म्हणत नव्हतो?" बाईंनी मान डोलावली. मोठ्या बाईंनीही कौतुक केलं. मी शिक्षकखोलीतून उठून बाहेर गेलो.

सुट्टी लागल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. जिना चढताना मला माझ्याच पावलांची लाज वाटली, मी हळू चढलो. बटण दाबल्यावर अजूनही दिवाच लागत होता. टेबल तसंच होतं, लाल पेन तसंच. बाईंनी चहा केला. आम्ही समोरासमोर बसलो आणि दोघांनाही बोलायला काही मिळेना. आम्ही इतकी वर्षं शेजारी शिकवलं, पण आमच्यात पार्टिशन असल्यामुळेच आमचं जमत असावं.

शेवटी मी म्हणालो, "बाई, वर्गात तुम्ही आता ते घेत नाही."

"काय घेऊ?" त्या म्हणाल्या. "रस्त्यानं येताना मी काही ऐकतच नाही, सर. ऐकून न्यायचं कोणाला? पहिले काही दिवस कान आपले आपणच आवाज गोळा करायचे. दारात आले की आठवायचं, ती नाही. मग मी त्यांना सोडूनच दिलं."

मी काहीतरी करायला हवं म्हणून म्हणालो, "मला सांगत चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खरंच प्रयत्न केला. "आज सकाळी खालच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवलं. आधी घर्रर्र, मग मध्येच पाय अडकल्यासारखं डुचुक, आणि मग सुटून खर्रकन."

"वा," मी म्हणालो. "छान."

आणि ते तिथेच मेलं. मला कान होते. मला त्या कपाटाची काहीच गरज नव्हती. बाईंना ते कळलं, मलाही कळलं. त्यांनी माझा कप उचलून आत नेला. तो भरलेला होता.

परत येऊन बसल्यावर त्या एकदम बोलू लागल्या. "ताई गेली त्या दिवशी सकाळी पलीकडच्या गल्लीत यंत्रानं रस्ता फोडत होते. ताईला तळपायातून समजलं. तिनं विचारलं, जमीन कशानं थरथरतेय? कसा आवाज आहे? मला उशीर झाला होता. परिपाठाची घंटा चुकली असती. मी लिहिलं, काही नाही."

त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "तो कागद आहे तिथे. 'काही नाही' एवढंच. खाली तिनं लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. संध्याकाळी विचारायला."

खाली कोणीतरी पुन्हा कपाट हलवलं.

"आणि एक प्रश्न तर मी आयुष्यभर टाळला," बाई म्हणाल्या. "ती विचारायची, तुझा आवाज आता कसा आहे? तिनं माझा आवाज ऐकला तेव्हा मी सात वर्षांची होते. तिच्या डोक्यात मी तशीच बोलत होते. पन्नाशी उलटलेली बाई आणि आवाज सात वर्षांच्या मुलीचा! तिला नवीन हवा होता. पण आपला आवाज आपल्याला कुठे कळतो? मी दर वेळी लिहायचे, बरा आहे."

"तुमचा आवाज स्पष्ट आहे," मी म्हणालो.

"स्पष्ट हा आवाज नाही, सर. शेरा आहे." त्यांचे खांदे जरा हलले. "बघा, तुम्हालाही नाही सांगता आलं."

"मी गणिताचा माणूस. त्यातून पार्टिशनपलीकडचा. तुमच्या वर्गात अडतीस जण आहेत, त्यांना विचारा."

मी हे उठता उठता, काहीतरी बोलून निघायचं म्हणून बोललो होतो.

नवीन वर्ष सुरू झालं. नवीन मुलं, तीच यादी. पावणेदोन महिने मी पलीकडून सळसळ आणि खळखळ ऐकत होतो. मग एका बुधवारी दुसऱ्या तासाला बाई म्हणाल्या, "वह्या मिटा. एकेक कोरा कागद घ्या. मी धडा वाचणार आहे. धड्याकडे लक्ष देऊ नका."

मुलांना काही कळेना. एकानं विचारलं, "मग कशाकडे देऊ?"

"माझ्या आवाजाकडे. तो कसा आहे ते लिहायचं. चांगला, गोड, मोठा, हळू हे शब्द चालणार नाहीत. ज्यानं कधी तो ऐकलेलाच नाही अशा माणसाला सांगायचंय. त्याला कळला पाहिजे."

या मुलांना तसं काही कधी शिकवलेलंच नव्हतं. ती गोंधळली. बाईंनी मग टेबलाखालून पिशवी काढली असावी, कारण किल्ल्यांचा जुडगा खळ्ळकन पडला. ओला की कोरडा, जड की हलका, शेपूट आहे की नाही, हे सगळं त्यांनी पंधरा मिनिटांत सांगितलं. मग त्या धडा वाचू लागल्या. मी माझ्या मुलांना गणितं घातली आणि पार्टिशनला पाठ लावून उभा राहिलो. धडा कसला होता आता आठवत नाही. त्या वाचत राहिल्या आणि बाकी सगळीकडे पेन्सिलींची खरखर चालली होती.

मधल्या सुट्टीत बाई शिक्षकखोलीत आल्या नाहीत. मी वर्गात डोकावलो. त्या मुलांच्या बाकावर बसून कागद वाचत होत्या. मला बघून त्यांनी काही कागद पुढे केले.

एकानं लिहिलं होतं, 'बाईंचा आवाज जुन्या पुस्तकाची पानं हळूहळू उलटतात तसा आहे. कोरडा, पण फाटत नाही.' दुसऱ्यानं, 'आधी चमचा कपात फिरतो तसा, रागावल्या की चमचा बशीत ठेवतात तसा.' एका मुलीनं शुद्धलेखनाच्या चार चुका करून लिहिलं होतं, 'खोलीत कोणीच नसताना पंखा चालू असतो तसा आवाज आहे.' एक महाशय तर म्हणत होते, 'बाईंचा आवाज किलो-दीड किलो आहे.'

तो शेवटचा कागद वाचून मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या पंख्याचा कागद परत परत बघत होत्या.

"हा तिला लगेच कळला असता," त्या म्हणाल्या. "पंखा तिला आठवत होता. आमच्या जुन्या घरात होता." मग अडतीस कागद त्यांनी नीट कडा जुळवून एकत्र केले. "आता हे घरी घेऊन जाऊ आणि काय करू, सर? कोणापुढे ठेवू?"

घंटा झाली. मुलं धावत आत आली आणि मी माझ्या वर्गात गेलो.

दुसऱ्या दिवसापासून पलीकडे पुन्हा गलका सुरू झाला. बाई पहिल्यासारख्या रंगून शिकवायच्या असं मी म्हणणार नाही. कधी चार दिवस पिशवी निघायची, कधी आठवडाभर नुसती यादी. पण मुलं पुन्हा दारांशी, नळांशी, कंपासपेट्यांशी कान लावून उभी राहू लागली. भाषेतले मार्क घसरले. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "हो, घसरलेत."

उरलेली दोन वर्षं अशीच गेली. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं नाही. दोन्ही वर्गांच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी हात जोडले आणि पिशवी नव्या शिक्षिकेच्या टेबलावर ठेवून गेल्या. नव्या शिक्षिकेनं ती तशीच कपाटात टाकली. मी एकदा विचारलंही तिला. ती म्हणाली, "सर, अभ्यासक्रम केवढा आहे बघा ना." तिचंही चूक नव्हतं.

बाई अजून त्याच दोन खोल्यांत राहतात. छापखान्याच्या माणसानं एकदा सहज विचारलं आणि त्यांनी ताईचं काम घेतलं. आता त्याच टेबलाशी बसून त्या प्रुफं तपासतात. अक्षर न् अक्षर बघतात. छापखानावाले खूश आहेत. मी सुरुवातीला दर शनिवारी जायचो. मग महिन्यातून एकदा. मग माझाही संसार, माझेही गुडघे. गेले पाच महिने मी गेलो नव्हतो.

परवा गेलो. दार उघडून बाईंनी "या" म्हणायला तोंड उघडलं, तर पहिल्यांदा नुसता श्वासच बाहेर आला. त्यांनी घसा खाकरला आणि मग "या, सर" म्हणाल्या.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"बरं आहे. सोमवारपासून कोणाशी बोलले नव्हते, म्हणून." त्या दिवशी गुरुवार होता.

त्यांचं एक पान अर्धं झालं होतं. "एवढं संपवते," त्या म्हणाल्या. मी समोरच्या खुर्चीत बसलो. त्या ओळीखाली बोट धरून वाचत होत्या, मध्येच लाल पेनानं खूण करत होत्या. पान संपलं, पण त्या उठल्या नाहीत, पुढचं घेतलं. तासभर तरी बसलो असेन. मला वाटतं, त्यांना तेच बरं वाटत होतं, कोणीतरी खोलीत असलेलं.

निघताना मी म्हणालो, "पुढच्या शनिवारी नक्की येतो."

त्या दाराला धरून उभ्या होत्या. "या की. पण वार नका सांगू," त्या म्हणाल्या. "सांगितलात की मी सकाळपासून जिन्याकडे कान लावून बसते."